काळीवरचं घर आणि अंगणातलं पाणी

(नव्या घराभोवतीचा निचरा आणि कृत्रिम हिरवळ यांविषयी)



आपल्याकडे जुनी माणसं गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगत. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. नांगर काळीत चालायचा आणि घर पांढरीवर उभं राहायचं. ही वाटणी उगाच झालेली नव्हती. गावठाण बहुधा उंचवट्यावर असे, खाली मुरूम असे, आणि पिढ्यान्पिढ्या पडलेल्या भिंतींची पांढरी माती त्यावर साचलेली असे. अशी जमीन पाण्याने फारशी फुगत नाही आणि उन्हाने फारशी फाटत नाही.

आता गावठाण पुरेनासं झालं. भाऊ वेगळे झाले, वाटण्या झाल्या, घरकुलं आली. कुणी शेतात घर बांधलं, तर कुणी शेताचे प्लॉट पडले तिथं जागा घेतली. म्हणजे घर पांढरीवरून उतरलं आणि काळीत येऊन बसलं. कपाशी-ज्वारीला जी जमीन मायेची, तीच घराला मात्र जड जाते. आणि नवं घर म्हणजे काही लहान गोष्ट नव्हे. दहा-वीस वर्षांची शिल्लक, बँकेचं कर्ज आणि घरच्या बाईचे दागिनेसुद्धा त्या भिंतींत गेलेले असतात. तिसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली की माणसाची झोप उडते.

अलीकडे अंगणात कृत्रिम हिरवळ, म्हणजे प्लास्टिकच्या गवताची चटई, अंथरायची हौसही गावोगाव पोचली आहे. हौस करायला हरकत नाही. पण आधी पाण्याची वाट आणि मग हिरवळ, हा क्रम चुकला तर हिरवळीखाली पाणी मुरतं आणि त्याचा हिशेब भिंतीला चुकवावा लागतो. तो क्रम कसा सांभाळायचा, हे या पत्रकात पाहू.

काळी माती अशी का वागते?

आपली काळी माती काळ्या पाषाणाच्या झिजेतून तयार झाली. तिच्यात चिकणमातीचा अंश मोठा असतो आणि त्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण पानांच्या थप्पीसारखे असतात. पाणी त्या पानांमध्ये शिरलं की थप्पी फुगते, पाणी निघालं की बसते. म्हणून पावसाळ्यात काळी वर येते, आणि एप्रिल-मे महिन्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

आता घराखाली काय होतं ते पाहा. घराच्या मधोमध खालची माती झाकलेली असते, तिथला ओलावा फारसा हलत नाही. कडेची माती मात्र उघडी असते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. म्हणजे घराचा मध्य स्थिर आणि कडा वर-खाली. त्यातही पन्हळीचं पाणी एकाच कोपऱ्यात पडत असेल, तर तो एकच कोपरा जास्त फुगतो. भिंत ही विटांची, ती वाकत नाही. ती तडकते.

खोल काळीत हा ओलाव्याचा खेळ साधारण साडेतीन मीटरपर्यंत चालतो. म्हणूनच रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खाली फुगीर बूड असलेले खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, पुढे आणले. ते त्या खोलीखाली पाय रोवून उभे राहतात. पाया घालायचा राहिला असेल, तर अभियंत्याला त्याबद्दल अवश्य विचारा. पण ज्यांचं घर उभं राहिलं आहे, त्यांच्या हातात एकच गोष्ट उरते. घराभोवतीचा ओलावा वर्षभर शक्य तितका सारखा ठेवायचा. फार ओलं नको, फार कोरडं नको, आणि एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरं असं तर मुळीच नको.

आधी माती ओळखा

प्रयोगशाळेत यासाठी एक सोपी परीक्षा करतात. वाळवून, बारीक चाळलेली १० ग्रॅम माती दोन नळ्यांत घेतात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. २४ तासांनी दोन्हीकडच्या मातीची जागा मोजतात. रॉकेलातली माती १० घनसेंटिमीटर आणि पाण्यातली १६ भरली, तर फुगवटा ६० टक्के झाला. ५० टक्क्यांच्या वर गेलं की माती जोरदार फुगणारी समजावी.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. खतासाठी आपण जी माती-परीक्षा करतो ती वेगळी आणि बांधकामाची वेगळी. ही दुसरी परीक्षा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा बांधकाम साहित्याच्या प्रयोगशाळेत होते. नमुना वरच्या पोयट्याचा न घेता पायाच्या खोलीवरचा घ्यावा.

ते जमणारं नसेल तर उन्हाळ्यात आपल्या जागेत फिरा. दोन बोटं सहज जातील अशा भेगा असतील, ओली माती पायाला चिकटून पाय जड होत असतील, आणि मातीची ओली गोळी बोटांत वळून तिची लांब फीत निघत असेल, तर ती फुगणारी काळी आहे असं धरून चाला.

पाणी किती पडतं, याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं छत ६०० चौरस फुटांचं, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर असेल, आणि एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या छतावरून २,८०० लिटर पाणी उतरतं. २०० लिटरचे १४ पिंप! हे सगळं पागोळ्यांनी जोत्याच्या बुडाशी पडलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

तेव्हा पहिलं काम पन्हळीचं. छताला पन्हळ लावा, उभ्या नळाने पाणी खाली आणा, आणि तो नळ भिंतीपाशी सोडून देऊ नका. पुढे आडवा नळ किंवा पक्की नाली करून ते पाणी भिंतीपासून निदान १० फूट लांब न्या. टाकीत साठवलं तर उत्तमच, पण टाकी भरल्यावर वाहणाऱ्या पाण्याचीही वाट आधी ठरवा. शेजाऱ्याच्या दारात पाणी सोडू नका. बांधाइतकीच भांडणं पाण्यानेही होतात. आपल्याला पाणी वाया घालवायचं नाही, फक्त भिंतीपासून दूर न्यायचं आहे.

जोत्याभोवती पक्का पट्टा

घराच्या चारी बाजूंनी काँक्रीटचा किंवा फरशीचा पट्टा घालावा. रुंदी निदान ३ फूट. माती फार फुगणारी असेल आणि ऐपत असेल तर ६ फूट. पट्ट्याखाली काळी माती काढून मुरूम चोपावा. उतार बाहेरच्या बाजूला, दर ३ फुटांना १ इंच.

इथे गवंडी एक चूक हमखास करतात. पट्टा भिंतीला सिमेंटने पक्का जोडून टाकतात. पट्टा मातीबरोबर थोडा हलणारच. त्यामुळे भिंत आणि पट्टा यांच्यामध्ये अर्धा इंच फट ठेवावी आणि तीत डांबर-वाळू भरावी. फट उघडी राहिली तर पाणी थेट पायात उतरतं. म्हणून दर उन्हाळ्यात ती पाहून पुन्हा भरावी.

पट्ट्याच्या पुढे मातीचं अंगण असेल तर पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार मिळाला पाहिजे. उतार डोळ्याने ठरवू नका, डोळा फसतो. गवंड्याजवळची पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, दोन टोकांना दोन माणसं उभी करा आणि मोजा. दोघांचं अर्ध्या तासाचं काम आहे.

चर, नाली की शोषखड्डा?

बाहेरगावचे पाहुणे सांगतात, "खड्डा खणा, खडी भरा, पाणी आपोआप जिरेल." मुरमाड जमिनीत त्यांचं म्हणणं खरं आहे. काळीत मात्र तसं होत नाही. ओली काळी जवळजवळ पाणी सोडतच नाही. तिच्यात खणलेला आणि खडीने भरलेला खड्डा हा शोषखड्डा राहत नाही, तो हौद होतो. पाणी तिथंच साचून राहतं आणि हळूहळू बाजूची माती फुगवतं. भिंतीला लागून असा खडीचा चर काढणं म्हणजे पायाला स्वतःच पाणी पाजणं.

म्हणून काळीवर उघडी, पक्की, उथळ नाली सर्वांत बरी. ती पट्ट्याच्या बाहेरच्या कडेने न्यावी, दर ८ फुटांना १ इंच उतार द्यावा, आणि तिचं तोंड सार्वजनिक गटारात, शेताच्या चरात किंवा सखल भागात सोडावं. उघडी नाली झाडता येते, तुंबली तर दिसते. जमिनीखालचा नळ तुंबला की सहा महिने पत्ता लागत नाही.

शोषखड्डा करायचाच असेल तर आधी जमीन तपासा. चार-सहा फुटांखाली मुरूम लागतो का, ते पाहा. मुरूम लागला तर खड्डा तिथपर्यंत न्या आणि घरापासून १५-२० फूट लांब ठेवा. खाली काळीच काळी असेल तर त्या वाटेला जाऊ नका. न्हाणीचं आणि मोरीचं सांडपाणी नळाने परसबागेत न्या, केळी आणि आळू ते आनंदाने पितात. पण ही परसबागही भिंतीला चिकटून नको.

झाडांचंही तेच. भिंतीलगत फुलझाडांचे वाफे करून रोज पाणी घालणं म्हणजे त्या बाजूची माती कायम फुगलेली ठेवणं. उलट मोठं झाड उन्हाळ्यात खालचा ओलावा ओढून घेतं आणि त्या बाजूची माती बसते. निलगिरी, पिंपळ, वड यांना घराजवळ थारा देऊ नये. एरवीही झाड जेवढं उंच वाढणार तेवढं ते घरापासून लांब, हा साधा हिशेब ठेवावा. तुळशीला तांब्याभर पाणी घातल्याने मात्र काही बिघडत नाही, ते खुशाल घाला.

आता हिरवळीची गोष्ट

कृत्रिम हिरवळ ही काही आजची गोष्ट नाही. १९६६ साली अमेरिकेतील ह्यूस्टनच्या छप्पर असलेल्या मैदानात ती अंथरली गेली. हॉकीवाल्यांना तर तिची चांगलीच आठवण आहे. १९७५ साली क्वालालंपूरला गवतावर खेळून आपण विश्वचषक जिंकला आणि पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली, तेव्हा आपण सातवे आलो. खालची जमीन बदलली की खेळ बदलतो. घराचंही तसंच आहे.

ही हिरवळ म्हणजे पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन किंवा नायलॉनचे धागे जाड पाठीवर शिवलेले असतात. पाठीला बारीक छिद्रं असतात. पाऊस त्या छिद्रांतून खाली जातो. आता विचार करा, खाली म्हणजे कुठे? हिरवळ पाणी पीत नाही आणि पाणी हटवतही नाही. ती फक्त झाकते. खाली चिखल असेल तर वरून हिरवंगार दिसतं आणि पाय ठेवला की पचकन पाणी वर येतं. चार महिन्यांत ती लाटांसारखी वर-खाली होते, वास मारू लागते, आणि खाली पाणी मुरत असल्याचं कुणाला दिसतही नाही. उघडं अंगण निदान तक्रार तरी करतं. झाकलेलं अंगण मुकाट्याने बिघडतं.

घालायचीच तर अशी घाला

समजा, जागा १० फूट रुंद आणि २० फूट लांब आहे. काम मार्च ते मे दरम्यान, माती कोरडी असताना करावं.

१. पट्टा आणि नाली आधी पूर्ण करावी. हिरवळ पट्ट्याच्या बाहेर असावी, भिंतीला लागून नसावी.

२. वरची माती, मुळं आणि गवत काढून साधारण १० इंच खोदावं. खड्ड्याचा तळही नालीकडे उतरता कापावा, १० फुटांना अडीच इंच. हे सर्वांत महत्त्वाचं. वरचा थर उतरता आणि तळ सपाट ठेवला, तर तळात पाणी साचून तोच हौद तयार होतो.

३. तळाशी न विणलेलं जिओटेक्स्टाईल कापड अंथरावं, म्हणजे काळी माती मुरमात मिसळत नाही.

४. त्यावर चांगला, थोडा चिकट मुरूम ६ इंच, दोन थरांत घालावा. प्रत्येक थर हलकं पाणी शिंपडून धुम्मसाने किंवा रोलरने चोपावा. या जागेला चोपलेला मुरूम बरोबर १ ब्रास लागतो. चोपल्यावर तो बसतो, म्हणून सव्वा ब्रास मागवावा. फुगणाऱ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर दिला की तिचा जोर दबतो, हे मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं, आणि कालव्यांच्या कामात ते वापरलंही गेलं. कालव्यांवर हा थर बराच जाड देतात. आपले ६ इंच अंगणापुरते आहेत, त्याने घराचा पाया सुधारेल असं समजू नये.

५. मुरमावर ३ इंच खडी, म्हणजे अर्धा ब्रास. त्यावर १ इंच कच घालून सपाट करावी. खालच्या कडेला खडीचं तोंड नालीत उघडं राहिलं पाहिजे. तिथे विटांची कड बांधली तर मध्ये छिद्रं ठेवावीत.

६. आता पाच-सहा बादल्या पाणी वरच्या कडेला ओता. ते नालीतून बाहेर आलं पाहिजे. नाही आलं, तर हिरवळ अंथरू नका, आधी उतार दुरुस्त करा.

७. मग हिरवळ अंथरून, जोड चिकटवून, कडेला खिळे ठोकून, वरून कोरडी बारीक वाळू झाडूने बसवावी.

चांगला मुरूम मिळत नसेल तर तळाच्या काळीतच वजनाच्या ३ ते ५ टक्के विझवलेला चुना मिसळून चोपतात, त्यानेही फुगवटा कमी होतो. चुना हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, मुलांना लांब ठेवावं.

विकत घेण्यापूर्वी दोन परीक्षा

दुकानातून वीतभर तुकडा मागून आणा. त्यावर तांब्याभर पाणी ओता आणि किती वेळात खाली उतरतं ते पाहा. मग तोच तुकडा भर दुपारच्या उन्हात अर्धा तास ठेवा आणि हात लावा. उन्हात कृत्रिम हिरवळ खऱ्या गवतापेक्षा पुष्कळ जास्त तापते, कडक उन्हात तिचं तापमान ६० अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अनवाणी पोर त्यावर धावलं तर पाय पोळतील. तेव्हा सावली नसलेल्या जागी ती घालू नये.

गुरं, शेळ्या, कोंबड्या जिथं फिरतात तिथं ती टिकत नाही आणि मुताचा वास जात नाही. चूल, शेकोटी, दिवाळीचे फटाके यांच्या ठिणगीने ती वितळते. साधारण आठ-दहा वर्षांनी ती जीर्ण होते आणि धागे तुटून मातीत मिसळतात. तो प्लास्टिकचा कचरा आहे, बांधावर टाकू नये आणि जाळू तर नयेच.

हिरवळच हवी असेल आणि थोडं पाणी असेल, तर पट्ट्याच्या पलीकडे आपली हरळी काय वाईट? तुम्ही हसाल. शेतातून हरळी काढता काढता हयात गेली आणि आता अंगणात लावायची! पण उतारावर ती माती धरून ठेवते आणि पायाला थंड लागते. फक्त शेतात जाऊ देऊ नका. आणि चोपलेल्या मुरमाचं, सारवलेलं अंगण तर सर्वांत स्वस्त. त्यावर पाणी कुठे थांबतं ते दिसतं, सडा-रांगोळीलाही जागा राहते.

घर जुनं होत असताना

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पाणी जिथं साचलं असेल तिथं काठी रोवून ठेवा आणि उघडीप मिळाल्यावर तिथं मुरूम टाकून उतार द्या. भिंतीवर भेग दिसली तर घाबरून लगेच लिंपू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, तारीख लिहा, आणि दर महिन्याला पाहा. उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग ही ओलाव्याची भेग आहे. तिच्यावर सिमेंटआधी निचऱ्याचा इलाज करावा. भेग सारखी वाढतच असेल, दारं-खिडक्या अडकू लागल्या असतील, तर मात्र वेळ न घालवता अभियंत्याला दाखवा.

थोडक्यात ध्यानात ठेवायचं ते एवढंच:

छताचं पाणी १० फूट लांब.
जोत्याभोवती उतरता पक्का पट्टा.
उघडी नाली, रोज दिसणारी.
भिंतीलगत वाफा नको, खडीचा चर नको.
हिरवळ सगळ्यांत शेवटी, तीही खालचं पाणी वाहतं झाल्यावर.

बंधू-भगिनींनो, शेतात पाणी तुंबलं की आपण रात्री कंदील घेऊन बांध फोडायला जायचो, कारण उभं पीक पिवळं पडताना डोळ्यांना दिसतं. घराचं पीक पिवळं पडत नाही, ते भेगेच्या रूपाने बोलतं, आणि बोलतं तेव्हा उशीर झालेला असतो. यंदा मृगाआधी एक दिवस काढा. पाण्याची नळी, कुदळ आणि घरातला एक जाणता माणूस बरोबर घ्या आणि आपल्या घराभोवती पाण्याची वाट आखून टाका.

राम राम.